डॉक्टर न केलेली पेटी

मयुरा, तू आधी नुसतं ऐक. सरावलीला आमच्या हरिश्चंद्रकाकांना दुबईच्या व्यापाऱ्याचा मेल आला. चिकूची नमुन्याची पेटी पाठवा, पण 'डोन्ट डॉक्टर द सॅम्पल'. मी मोबाइलवर बघितलं, तर डॉक्टर हे क्रियापदही असतं, म्हणजे माल चांगला दिसावा म्हणून गुपचूप फेरफार करणं. तीन वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकले, कोणी सांगितलं नाही.

काकांना अर्थ सांगितला तेव्हा ते पेटीच भरत होते. खाली लिंबाएवढे चिकू, वर पेरूएवढे.

"छे, असले धंदे आपल्यात कोण करतं?" काका म्हणाले.

"मग हे काय चाललंय?"

"याला पेटी भरणं म्हणतात. आजोबांपासून अशीच भरतात. पाहुण्यांसमोर तू फुटका कप ठेवतेस का?"

एवढे थोर विचार सांगून काकांनी झाकण ठोकलं आणि मार्कर माझ्या हातात दिला.

"लिही वर, डॉक्टर केलेलं नाही. खाली सही कर, इंग्रजी तुझं चांगलंय."

टेम्पो दारात उभा. ऑर्डर मिळाली तर काकांचा माल पहिल्यांदाच परदेशात जाणार, आणि काकू आत्तापासूनच पेढे वाटत सुटलेली. तू असतीस तर काय केलं असतंस?