नऊ लाद्यांचा हॉल

"अहो, भिंतीवर उभं ऱ्हाऊ नका! पुसली ना फक्की!"

गीताबाई ओरडली तसा कमळाकरने दचकून पाय उचलला. भिंत म्हणजे काय, तर जमिनीवर ओढलेली पांढरी रेघ. भात झोडून रिकाम्या झालेल्या खळ्यावर, जुन्या घराच्या पुढ्यात, बारकू गवंडी सकाळपासून सुतळी ताणून नव्या घराची आखणी करत होता. खुंटी ठोकायची, सुतळी धरायची, वरून चुन्याची फक्की सोडत जायचं. पुढं सहा फुटी ओटी, मग बारा फुटी हॉल, मागं सैपाकघर, दोन खोल्या, मोरी. नवं घर उभं राहिलं की जुनं पाडायचं, असं ठरलेलं.

"हॉल किती भरला रे बारकू?" गीताबाईने विचारलं.

"बारा फूट, वैनी."

"म्हंजे लाद्या किती?"

"दोन फुटी लादी धरली तर सहा."

गीताबाईचं तोंड कडू झालं. सहा! शेजारी बांधापलीकडं दामिनीचा, म्हणजे तिच्या धाकट्या जावेचा, हॉल आठ लाद्यांचा होता. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने स्वतः मोजला होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली तेव्हा दामिनी कपाळाला कुंकू लावत होती आणि ही मान खाली घालून लाद्या मोजत होती. दिवाणाखालच्या दोन दिसेनात, तर हातातला तिळगूळ मुद्दाम खाली पाडला नि वाकून त्याही मोजल्या. घरी आली ती आठ, आठ करतच. दोन वर्षं झाली दामिनीचं घर होऊन, पण त्या हॉलचा दिवा लागला की गीताबाईला इकडं जेवण गोड लागत नसे.

"मला नऊ लाद्या पायजेत," ती म्हणाली.

"अठरा फूट?" बारकूने हातातली सुतळी खाली टाकली. "वैनी, आणू कुठून? मागं आंबा, तो तुमी तोडून देणार नाय. पुढं गावचा रस्ता."

"ही ओटी हाय ना. ही घे आत."

"अगो, येडी का काय तू?" कमळाकर म्हणाला. "माणसं बसतील कुठं?"

"हॉलमधी. सोफा आणायचा."

"चिखलाचे पाय घेऊन? रंगूमामा सोफ्यावर बसल काय? किन्हवलीच्या गाडीची वाट बघत निम्मं गाव आपल्या ओटीवर बसतं."

"तेच तर नको मला!" गीताबाई उसळली. "दुपारच्याला बाया वाल सोलायला येतात, त्यांची सालं झाडा. भजनवाले येतात, त्यांना च्या करा. हाडं झिजली माझी. दामिनीकडं कोण नाय येत. कशी लादी चकचकीत ऱ्हाते तिची! ओढ रे रेघ, बारकू."

बारकूने कमळाकरकडं पाहिलं. कमळाकरने तोंड फिरवलं आणि तंबाखू मळायला घेतली. बायकोपुढं त्याचं काही चाललेलं बारकूने कधी पाहिलं नव्हतं. त्याने ओटी आणि हॉल यांच्यामधली रेघ पायाने पुसून टाकली. अठरा फूट. गीताबाई नव्या हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, पुन्हा उलटी चालली. तिच्या जिवाला कसं थंडगार वाटलं.

एवढ्यात बांधावरून दामिनी आली. तिचा नवरा अनंता सकाळीच सायकल मारत आटगाव स्टेशन गाठून कामावर गेलेला, त्यामुळं तिला दिवसभर मोकळा वेळ. ती सरळ खोलीच्या रेघेवरून आत शिरली.

"भिंतीतून कुठं येतंस गो?" गीताबाई म्हणाली. "दार तिकडं हाय."

दामिनी हसली, मागं फिरली आणि रेघेत सोडलेल्या मोकळ्या जागेतून पदर सावरत आत आली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"ताई, ओटी कुठं गो?"

"काढली. हॉलमधी घेतली. नऊ लाद्या भरतो आता." गीताबाई तिच्या तोंडाकडं डोळे लावून बसली. आता पडेल, आता पडेल ते तोंड!

पण दामिनीचं तोंड उजळलं.

"बरं केलंस ताई! लय बरं केलंस!" तिने गीताबाईचा हातच धरला. "नाय तर काय! दोन वरसं मी ती लादी पुसतंय, पण कुत्रं फिरकत नाय माझ्याकडं. चप्पल काढायची म्हटलं की बाया दारातूनच माघारी. सगळ्या तुझ्या ओटीवर. तुमचं हसणं माझ्या सैपाकघरात ऐकू येतं, तवा भाकरी करपते माझी. आता ओटीच नसल तर जातील कुठं? येतील माझ्याकडं."

बारकूला राहवलं नाही. तो गालात हसत म्हणाला, "खरं हाय वैनी. त्यांचं घर बांधताना तुमी कापणीला गेल्या होत्या ना, तवा ह्या सुतळी घेऊन तुमची ओटी मोजायला आलत्या. चौदा फूट लांब भरली. म्हणून तर मला बोलल्या, आपला हॉल सोळा फूट कर."

"बारक्या, तोंड बंद कर तुझं!" दामिनीचे कान लाल झाले. "मी काय चोरी केली?" ती तणतणत निघाली, ती पुन्हा भिंतीतूनच.

गीताबाई जागच्या जागी उभी राहिली. दोन वर्षं ज्या हॉलपायी तिला जेवण गोड लागलं नाही, तो हॉल तिच्याच ओटीवर जळून बांधलेला होता. ती शेणाने सारवलेली, कडा झडलेली ओटी! आधी तिला हसू आलं. मग ध्यानात आलं, अजून थोडा वेळ गेला असता तर ती आपल्याच हाताने सगळी दुपार उचलून जावेच्या दारात नेऊन ठेवणार होती.

"बारकू, ओढ ती रेघ परत."

"कंची?"

"ओटीची, मेल्या! जिथं व्हती तिथं. हॉल सहा लाद्यांचाच ऱ्हाऊ दे."

कमळाकरने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. त्या दिवशी गीताबाईने वाल सोलायला आलेल्या बायांना न मागता चहा दिला, तोही दोनदा, आणि हसली अशी मोठ्याने की बांधापलीकडं नीट ऐकू जावं.

आठ दिवसांनी पायाचे चर खोदून झाले. बारकू उन्हं चढल्यावर आला.

"एवढा उशीर?" गीताबाईने विचारलं.

"दामिनीवैनींनी बोलवलं व्हतं. हॉलच्या पुढं पत्र्याची पडवी काढायची म्हणतात. बसायला कट्टा पण. चप्पल काढायचं काम नाय."

गीताबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिने आपल्या सहा फुटी ओटीच्या चराकडं बघितलं, मग बांधापलीकडं बघितलं.

"किती फुटी धरली रे?"

"आठ."

तिने सुपातले वाल एकदा उगाच पाखडले.

"बारकू," ती हळूच म्हणाली, "फक्की उरलीय का रे थोडी?"