आईच्या पायाखालचं भोक

आमच्या नॉरवुड गावात माणूस एकोणसत्तर सालच्या कॅमॅरो गाडीचा की सत्तरच्या, एवढं कळलं की त्याच्याशी कशावरून भांडायचं ते ठरतं. दोन्ही इथल्याच कारखान्यात बनल्या. माझे बाबा, डेलबर्ट कोम्स, तिथे दारं बसवायचे. घरात दोन्ही गाड्या होत्या, पण बाबा कट्टर सत्तरवाले.

माझी आई एर्नेस्टीन आता राहिली नाही; दोन वर्षांपूर्वी बाबांची नजरही गेली. आता ते माझ्याकडे राहायला येणार होते आणि माझ्या गॅरेजात एकच गाडी मावते. दुसरी व्हर्जिलकाका नेणार. काकांनीही बाबांच्या शेजारी उभं राहून तीस वर्षं दारंच बसवली. कोणती ठेवायची, ते बाबांनी त्या शनिवारी सांगायचं होतं. मला एकोणसत्तरची हवी होती, पण गाडी त्यांची, म्हणून मी गप्प होते.

बाबांनी काकांना ऐकवायला सत्तरचं लांब, जड दार कमरेनं ढकललं. कारखान्यात लाइनीवर ते असंच बंद करायचे.

"ऐकलंस? याला म्हणतात दार! तुझ्या एकोणसत्तरचं म्हणजे बिस्किटाचा डबा."

"असू दे डबा," काका म्हणाले. "पण मागच्याला काच तरी खाली करता येते. तुझ्या सत्तरमध्ये मागे बसलेला उकडून निघतो."

"आणि सत्तरचे पुढचे डिस्क ब्रेक? झटकन थांबते!"

"पन्नास वर्षं तेच ऐकतोय, लेका!"

बाबा सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला गेले आणि थबकले. "इथे आता माझं काय काम?" म्हणत बॉनेट चाचपत पलीकडे आले. या गाड्यांत शेजारच्या सीटवर ते कधी बसले नव्हते.

आधी ते सत्तरमध्ये बसले. पायानं चाचपून म्हणाले, "गालिचा नवा टाकलास?"

"नाही, पहिल्यापासूनचाच आहे," मी म्हणाले.

मग एकोणसत्तरमध्ये बसले. उजवा पाय कशात तरी अडकला. वाकून त्यांनी बोटं फिरवली. गालिचा झिजून भोक पडलं होतं, खालचा पत्रा लागत होता.

"इथे काय झालंय, डार्ला?"

"आई ब्रेक दाबायची. तुम्ही गाडी पळवलीत की."

"या बाजूला ब्रेक कुठे असतो?"

"तिलाही माहीत होतं, बाबा."

काका खो खो हसले. "म्हणजे एर्नेस्टीननं तुझ्यापेक्षा जास्त ब्रेक मारले!"

बाबा हसले नाहीत. "आणि सत्तरमध्ये ती मागे बसायची ती... तू लहान होतीस म्हणूनच ना?"

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण या माणसानं आयुष्यभर दाराची फट बोटानं मोजली होती. त्याला खोटं काय सांगणार?

"मी सोळा वर्षांची झाले तरी ती मागेच होती, बाबा. पुढे किराण्याच्या पिशव्या असायच्या."

काकांचं हसू विरलं. बाबांची बोटं बराच वेळ त्या भोकाच्या कडेवरून फिरत राहिली. ते काय शोधताहेत, मला कळेना.

"ही ठेव," ते म्हणाले.

"अरे, तू सत्तरवाला ना?" काका म्हणाले. एकोणसत्तरवर त्यांचाही डोळा होता.

"तू ने सत्तर. चांगली गाडी आहे." बाबांनी तळहात त्या पत्र्यावर ठेवला. "इथे ती भीत होती, पण माझ्या शेजारी बसत होती."

त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी स्टिअरिंगवर बसून गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला. बाबांनी पाय त्या भोकात रोवला आणि जोरात दाबला.

"सावकाश घे गं," ते म्हणाले.