सुईबाईची सवत

मित्रांनो, मी एक जुनी मोटरबोट आहे. जुनी म्हटले म्हणून लगेच नाक मुरडू नका. तुमच्या घरातली प्लॅस्टिकची बादली दोन उन्हाळ्यांत तडकते. मी किती उन्हाळे काढले, ते सांगणारा माणूसच आता राहिलेला नाही.

मी फायबरची आहे. काही अर्धवट शहाणे मला लाकडी समजतात, त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही. काचेच्या बारीक धाग्यांचे एक कापड असते. ते गुळगुळीत साच्यात अंथरतात आणि वर रेझीन नावाचा मधासारखा चिकट रस चोपडतात. पुन्हा कापड, पुन्हा रस. रस गोठताना गरम होतो. माझ्या जन्माची मला तेवढीच आठवण आहे. अंगात ताप भरल्यासारखी ऊब होती, मग लाकडी हातोड्याचे ठोके बसले आणि मी साच्यातून सुटून उजेडात आले. कामगार म्हणाला, "पोरगी गुळगुळीत निघाली!" तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

पोटात मात्र मला लाकूड आहे. लांबीच्या दोन तुळया, त्यांच्यावर फळ्यांची जमीन, आणि पाठीमागे इंजिन टांगायची जाड फळी. हे सगळे काचेच्या कापडात गुंडाळून घट्ट केलेले. लक्षात ठेवा, माझे पुढचे सगळे हाल त्या लाकडामुळे झाले.

मला विकत घेतले मिस्त्रींनी. ते इंजिनांचे मेकॅनिक. आठवडाभर लोकांची इंजिने खोलायचे आणि सुट्टीच्या दिवशी माझे. शहराबाहेरच्या तलावावर आम्ही गळ टाकणाऱ्यांना आणि फिरायला आलेल्यांना घेऊन जात असू. एकदा एक मोठी लाँच तलावाच्या मधोमध बंद पडली. पांढरीशुभ्र, वर कापडी छप्पर, नखरा विचारू नका. तिला दोरी बांधून मी काठापर्यंत ओढत आणली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. लाँचचे तोंड पाहण्यासारखे झाले होते, आणि मी ते पोटभर पाहून घेतले.

मिस्त्रींची बायको शिवणकाम करायची. गल्लीतली मुले तिला पाठीमागे सुईबाई म्हणत. एक तर तिच्या ओठांत सदा टाचण्या धरलेल्या असत, आणि दुसरे म्हणजे ती बोलली की टोचायचे. मला ती सवत म्हणायची.

"निघाले का सवतीला फिरवायला?" ती विचारायची.

"येतेस का?" मिस्त्री दारात उभे राहून म्हणायचे.

"मला कपडे आहेत शिवायचे."

दर सुट्टीच्या सकाळी हेच संभाषण. एरवी मी त्यांच्या गॅरेजात असायची; तलावावर नेताना ते माझा ट्रेलर घराशी थांबवत, तेव्हा मी ते ऐकायची. तिला पाण्याची भीती वाटायची, पण ते कबूल करण्यापेक्षा ती जीभ चावून बसली असती. मला तिचा रागही यायचा आणि ती कळायचीही. आम्ही दोघी एकाच मुशीतल्या.

मिस्त्रींनी माझ्यात पुढच्या बाजूला गादीच्या दोन खुर्च्या बसवल्या होत्या. एक त्यांची, एक शेजारची. त्यांची कव्हरे तिनेच शिवली होती, घरात बसून, माझ्याकडे न फिरकता. शेजारच्या खुर्चीवर मिस्त्री कुणालाच बसू देत नसत. लोक पाठीमागच्या बाकावर. कुणी विचारले की म्हणत, "ती जागा घेतलेली आहे."

पुढे माझी जमीन पायाखाली दबू लागली. कुठूनतरी बारीक चीर पडून लाकडात पाणी मुरत होते. मिस्त्रींनी मला ट्रेलरवरून घरी आणले आणि घराची भिंत व कुंपण यांच्यामधल्या बोळात उभे केले. इंजिन उतरवले, खुर्च्या काढून घरात ठेवल्या. मग सुईबाईच्या डब्यातला निळा खडू गुपचूप आणून माझ्या जमिनीवर एक लांब रेघ मारली आणि तिच्यावरून कापायला सुरुवात केली.

"माझा खडू कुठे गेला?" आतून आवाज आला. मिस्त्री हसले. अर्धी रेघ कापून झाल्यावर त्यांनी करवत खाली ठेवली, कपाळ पुसले आणि स्वतःशीच म्हणाले, "जरा दम लागलाय."

ते आत गेले, ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

दारात खूप माणसे आली आणि गेली; त्यांतल्याच कुणीतरी इंजिन विकत नेले. भिंतीपलीकडचे शिवणयंत्र बंद होते. बऱ्याच दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा मला बरे वाटले आणि भरूनही आले. मग एका सकाळी सुईबाई बाहेर आली. माझ्याकडे न बघता तिने माझ्यावर ताडपत्री ओढली आणि दोरी अशी आवळून बांधली की वाऱ्यालाही विचारून आत यावे लागेल.

मित्रांनो, लोकांना वाटते, झाकून ठेवले म्हणजे जपले. त्या ताडपत्रीखाली काय होते ते मला विचारा. वरून पाणी ठिबकायचे, ते जायचे कुठे? उकाड्यात त्याची वाफ व्हायची आणि पुन्हा माझ्यावरच गळायची. माझ्या तुळया आतून कुजत होत्या आणि मला तो वास येत होता. दिवस आहे की रात्र, ते मी मशीनच्या आवाजावरून ओळखायची. भिंतीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. मला हाक मारता येत नव्हती. आली असती तरी मी मारली नसती.

बरीच वर्षे गेली. एक दिवस कुणीतरी ती दोरी कापली. मिस्त्रींचा धाकटा भाऊ भंगारवाल्याला घेऊन आला होता. हा दीर पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, त्यामुळे फायबर त्याच्या रोजच्या हातातले.

"इंजिन असतं तर घेतलं असतं," भंगारवाला म्हणाला. "हे वितळत नाही की काही नाही. कापून उचलून नेतो, पण एक दमडी मागू नका."

"फुकट ने. डासांचं घर झालंय नुसतं."

सुईबाई बाहेर आली. गळ्यात मापाची टेप, हातात कात्री. तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आत डोकावून पाहिले. जमीन अर्धी कापलेली होती, आणि काप जिथे थांबला होता तिथून पुढे तिच्याच खडूची निळी रेघ अजून पुसट दिसत होती.

तिने कात्रीच्या टोकाने ती रेघ गिरवली. मग म्हणाली, "सरळ रेघ कधी म्हणून मारता आली नाही या माणसाला."

"वहिनी, मग सांगू ना याला कापायला?"

"कापायला घेतलेलं अर्ध्यात टाकून मी कधी उठले नाही, भावजी. याला चहा देते आणि वाटेला लावते."

"तुम्ही करणार हे? याला रेझीन लागतं, ग्राइंडर लागतो—"

"आणि तुम्ही काय नुसतं जेवायला येणार?"

भंगारवाला खो खो हसला. दिराने हात जोडले. "बरं बाई. सामान आणतो, दाखवतो. पण एकच सांगतो. तलावात टाकल्यावर पाणी शिरलं नाही तर ती राहील. शिरलं तर मी कापून नेणार, आणि मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

"बघू," ती म्हणाली.

माझा जीव आता सवतीच्या हातात होता.

दिराने पहिल्यांदा माझ्या पोटाखाली विटा आणि फळ्या लावल्या. "आधी टेकू. आतली हाडं काढली की पोट लोंबतं, आणि तसंच गोठलं की जन्मभर वाकडी." मग सुईबाई मिस्त्रींचा लांब बाह्यांचा शर्ट चढवून, तोंडाला फडके बांधून आत उतरली आणि निळ्या रेघेवरून उरलेली जमीन कापून काढली. तुळया तिच्या हातात भिजलेल्या पावासारख्या तुटल्या. काचेची धूळ अंगाला लागली की खाज सुटते. ती करकरा खाजवत ओरडायची, "सवत मेली, इतकी वर्षं नुसती छळत होती, आता चावायलाही लागली!" मी काही मनावर घेतले नाही. इतक्या वर्षांनी कुणाचातरी हात लागत होता.

गिऱ्हाइकाचे घ्यावे तसे तिने माझे माप घेतले. कागद कापून, लावून, पुन्हा कापून प्रत्येक तुळईचा आकार काढला. "पोट सुटलंय तुझं," ती पुटपुटली. अजिबात सुटले नव्हते. एका ठिकाणी वीट खाली सरकली होती, एवढेच. रेझीन गोठवायचे औषध तिने पहिल्यांदा अंदाजानेच ओतले आणि डब्यातून धूर निघाला.

"वहिनी, अंदाजानं टाकायला ते काय मीठ आहे?" दीर ओरडला. त्यानंतर ती मोजून घालू लागली.

नव्या तुळया बसल्या, त्यांच्यावर नवी जमीन बसली. पाठीमागची जाड फळी मात्र तिने दीर कामावर गेलेला असताना एकटीने केली. नवी फळी बसवली, काचेचे कापड बेतून कापले, रसात भिजवून चिकटवले. आणि प्रत्येक कापडाची कड तिने बोटभर आत दुमडली, झग्याचा घेर दुमडावा तशी, दाबून, सारखी करून. एक धागा बाहेर नाही! खरे सांगते, इतकी नेटकी मी कारखान्यातही नव्हते.

सुट्टीच्या दिवशी दीर आला. "वा!" म्हणाला. मग चमच्याच्या मागच्या बाजूने फळीवर ठोकत निघाला. ठक. ठक. ठक. कडेशी आला तसा आवाज बदलला. ढप. पुढच्या कडेलाही ढप.

"वहिनी, कड दुमडली का?"

"मग काय धागे लोंबत ठेवू? माझ्या हातून गेलेल्या कपड्याची कच्ची कड आजवर कुणी पाहिलेली नाही."

"कपड्याचं ठीक आहे. इथं दुमडीत हवा कोंडते, रस आत पोचत नाही. ओढ बसली की पहिलं तिथूनच सुटणार. इथं कड विस्कटलेलीच लागते. धागे मोकळे पसरले की खालच्याशी एकजीव होतात."

"उसवते मग."

"हे उसवत नाही हो. घासूनच काढावं लागतं. सगळंच्या सगळं."

तिने हातमोजे काढले. एक एक बोट सोडवत काढले. "मग न्या कापून," ती म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतले.

दीर विटांवर बसून राहिला आणि थोड्या वेळाने गेला. मशीन सुरू झाले, पण त्याची चाल नेहमीची नव्हती. थोडे चालायचे, थांबायचे. कितीतरी दिवस ती बाहेर आली नाही. माझी पाठ उघडी होती, ताडपत्री बाजूला पडली होती. उजेडात एकटे असणे अंधारातल्यापेक्षा वाईट असते, कारण उजेडात दार दिसते.

मग एका दुपारी ती माझ्या दोन्ही खुर्च्या घेऊन दाराच्या पायरीवर बसली. कव्हरे फाटली होती, तेवढी तरी शिवावीत म्हणून असेल. तिने मिस्त्रींच्या खुर्चीचे कव्हर उसवले. आतल्या फोमला खोल खळगा पडला होता, माणूस आत्ताच उठून गेल्यासारखा. मग तिने शेजारची खुर्ची उसवली. तिचा फोम दुकानातून आणल्यासारखा, कोरा. तिने त्यावर तळवा दाबला. तो लगेच वर आला. पुन्हा दाबला. पुन्हा वर आला.

ती उठली, आत गेली आणि मिस्त्रींचा शर्ट घालून आली.

तिने सगळे घासून काढले. मग नवे कापड घेतले आणि प्रत्येक कडेचे धागे आपल्या बोटांनी विस्कटले, जे जन्मभर तिने कुणाला करू दिले नव्हते. तोंडाने मला शिव्या चालूच होत्या. दीर आला, इकडून तिकडे ठोकत गेला. सगळीकडे ठक. खुर्च्या पाहून म्हणाला, "दादाच्या खुर्चीचा फोम बदलायचा राहिला वाटतं."

"राहिला नाही."

त्याने ती खुर्ची तशीच उचलून माझ्यात जागेवर बसवली.

तलावावर सकाळचे कुणी नव्हते. "आधी इंजिनाशिवाय, दोरीला बांधून," दीर म्हणाला. "आत वजन हवं. थांबा, दगड आणतो."

"दगड कशाला? मी आहे ना."

तिने माझी कड दोन्ही हातांनी धरली. बोटे पांढरी पडली होती. पाय आत टाकताना तिने डोळे मिटले होते, आणि ते फक्त मला माहीत आहे. ती आपल्या खुर्चीवर बसली. दीर काठावरून दोरी सोडत गेला. पाणी माझ्या अंगाला सगळीकडून लागत होते आणि आत यायला जागा शोधत होते. पाठीच्या फळीशी ते बराच वेळ रेंगाळले. मग गेले.

"वहिनी, पाणी आहे का?"

तिने खाली वाकून जमिनीवर तळवा फिरवला, मग मागे सरकून कडेकडेने बोटे फिरवली. कोरडी.

"वहिनी! पाणी आलं का?"

"नाही! आणि ओरडू नका, मी बहिरी नाही."

ती पुन्हा खुर्चीवर बसली. शेजारी मिस्त्रींची खुर्ची होती, नवे कव्हर, आत तोच खळगा. तिकडे न बघता, मान खाली घालून ती हळूच म्हणाली, "आज नव्हते कपडे शिवायचे."

मी जागच्या जागी हलत राहिले. मला तेवढेच करता येत होते.

मित्रांनो, इंजिन अजून आलेले नाही. सुट्टीच्या दिवशी दीर पाठीमागच्या बाकावर बसून वल्ही मारतो, दोघे भांडतात, आणि पुढची एक खुर्ची रिकामीच असते. घरी मी पुन्हा त्याच बोळात उभी असते. ताडपत्री आहे, पण तिची एक बाजू बाई मोकळी ठेवते, वारा खेळावा म्हणून. तुम्हीही तुमच्या जुन्या वस्तू नुसत्या झाकून ठेवू नका. त्यांना वारा द्या, हात लावा, मधूनमधून ठोकून बघा आत काय पोकळ झाले आहे ते. आणि कुणी दारात उभे राहून "येतेस का?" विचारले, तर मान तरी वर करा.

शेजारच्या खुर्चीच्या फोमला आता बारीकसा खळगा पडू लागला आहे. तो मी कुणाला दाखवत नाही.