उचलून लावायचं दार

ब्रेकच्या पॅडलवरचं रबर उजव्या कडेला झिजून गुळगुळीत झालं होतं — डावीकडच्या आडव्या रेघा अजून नव्यासारख्या, उजवीकडे मात्र बोट फिरवलं तर काहीच लागेना — आणि ती गुडघ्यांवर बसून, गाडीच्या उघड्या दारातून डोकं आत घालून, त्या एवढ्याशा रबराकडे बघत राहिली. हे एकोणऐंशी सालातलं. त्या वर्षी तिचे वडील गेले, त्यांचं बूटदुरुस्तीचं दुकान विकलं गेलं, आणि तिच्या नवऱ्याला, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एकाएकी स्पोर्ट्स कार हवीशी वाटली.

ती म्हणजे मीच. पण तेव्हाच्या त्या बाईला ‘मी’ म्हणायला अजून जीभ अडखळते, म्हणून तिला ‘ती’च राहू दे.

तिचं लहानपण दुकानातल्या बाकाशेजारी गेलं होतं. वडील गिऱ्हाइकाचं तोंड नंतर बघत. आधी बूट उलटा करून तळ बघत, आणि तिलाही दाखवत — हे बघ, हा माणूस चवड्यावर चालतो, सदा घाईत असणार. ही बाई मूल डाव्या कडेवर घेते, टाच बघ कशी बसलीय… पुढे लग्न झालं. नवऱ्याचा उजवा पाय कॉलेजात असताना घोट्यात मोडला होता आणि जरा तिरपाच बसला होता. चालताना सगळा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर. सोळा वर्षं, दर चार-पाच महिन्यांनी, त्याच्या उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेला चामड्याचा अर्धचंद्र तीच ठोकत आली होती. ती झीज तिने डोळे मिटूनही ओळखली असती. आणि आता तीच झीज इथे, एका परक्या बाईच्या गाडीत.

“काय बघतेस एवढं?” नवऱ्याने मागून विचारलं.

“काही नाही. पॅडल.”

“पॅडलला काय बघायचं?”

खरंच, पॅडलला काय बघायचं… ती उठली, गुडघे झटकले.

सकाळी निघाली तेव्हा तिच्या मनात एवढं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते थोरल्या बहिणीने फोनवर घातलेलं होतं. “या वयात नवऱ्याला दोनच सीटची गाडी हवी झाली ना,” बहीण म्हणाली होती, “तर तू इंजिन बघू नकोस. शेजारच्या सीटवर केस सापडतात का बघ.” आणि स्वतःच हसली होती. तीही हसली होती. तिचा नवरा नकाशे काढणारा माणूस, एका बांधकाम कचेरीत. पेन्सिलीला टोक करायला ब्लेड वापरावं की यंत्र यावर अर्धा तास विचार करणारा. सोळा वर्षांत त्याने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. तेच तर… न मागणाऱ्याने एकदम असं मागावं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतंच. शिवाय गेली दोन वर्षं शनिवारचं जादा काम. शनिवारी तो संध्याकाळी सातला यायचा, दमलेला नसायचा.

पैसे तिच्या पर्समध्ये होते. वडिलांच्या दुकानातला तिचा वाटा, मुलीच्या शिक्षणाचं बाजूला काढून उरलेला. नवी गाडी त्यात येणं शक्यच नव्हतं. जुनीच, तीही पारखून. तिने हो म्हटलं तर गाडी घरी येणार, नाही म्हटलं तर नाही येणार, आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार.

पर्समध्ये पैशांबरोबर वडिलांचा लोहचुंबकही होता. जमिनीवर सांडलेले बारीक खिळे ते त्याने गोळा करत. त्या दिवशी बघितलेल्या तीन गाड्यांपैकी पहिली लाल होती, दलालाच्या आवारातली, इतकी चकचकीत की नऊ वर्षांच्या मुलीने तिच्यात बघून जीभ काढून दाखवली.

“आरसा आहे ताई, आरसा,” दलाल म्हणाला. “तोंड बघून भांग पाडा.”

तिने चुंबक दारावर ठेवला. तो चिकटला. थोडा खाली सरकवला, आणि तो टपकन जमिनीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. रंगाखाली पत्रा नव्हताच, विटेएवढी पुट्टी होती.

“चुंबक लावून गाडी घेणारी बाई आज पहिल्यांदा बघितली,” दलाल म्हणाला.

“आणि पुट्टीची गाडी मी,” ती म्हणाली. नवरा हसला. त्याचं हसू नेहमीचंच होतं, आणि ते नेहमीचंच आहे हे आपण तपासून बघितलं, याचं तिला वाईट वाटलं.

दुसरी गाडी एका फोटोग्राफरची, पांढरी. “सकाळपासून चालूच केलेली नाही,” तो म्हणाला, “गार इंजिन एका फटक्यात उठतं, बघा.” तिने बॉनेटवर हात ठेवला. नुकत्याच काढलेल्या बुटाच्या आतून लागते तशी ऊब. “उन्हामुळे,” फोटोग्राफर म्हणाला. गाडी भिंतीच्या सावलीत होती. मुलीने मागे बघितलं, तर सीटच्या पाठीशी फळीएवढीच जागा. “मी कुठे बसू? डिकीत?”

“मांडीवर,” नवरा म्हणाला.

“मी नऊ वर्षांची आहे, बाबा. मांडीवर मांजर बसतं.”

आणि तिसरी ही. पहिल्या दोन जाहिराती त्याने पेपरात पेन्सिलीने गोल करून ठेवल्या होत्या. या तिसऱ्या गाडीचा पत्ता मात्र त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर होता, त्याच्याच नकाशातल्या अक्षरांत. “ऑफिसात कुणीतरी सांगितलं,” तो बसमध्ये म्हणाला होता. कुणी, ते तिने विचारलं नाही. विचारायला हवं होतं का… चार घरांची गल्ली, शेवटच्या घरापुढे ही शेवाळी हिरवी गाडी, बुटक्या कुंपणाच्या आत. मालकीण शाळेत गणित शिकवायची, उंच, चाळिशीची. दातांचे डॉक्टर असलेले यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, गाडी त्यांची. तेव्हापासून जवळजवळ उभीच आहे, असं तिने सांगितलं. सगळी उत्तरं ती ठामपणे देत होती, जणू फळ्यावर आधीच लिहून ठेवलेली.

चुंबक या गाडीला सगळीकडे चिकटला. बॉनेट गार होतं. कापडी छताची शिवण तिने दोन्ही अंगांनी उलटून बघितली. एक टाका सुटलेला नव्हता. गाडीत खोट नव्हती. मग नवऱ्याने दार उघडून आत डोकावून बघितलं आणि दार लावलं — लावताना आधी जरासं वर उचललं, मग ओढलं — आणि त्याच वेळी गणिताच्या बाई म्हणाल्या, “ते दार जरा…” आणि थांबल्या.

थांबल्या. वाक्य तिथेच सोडून त्यांनी कुंपणावरच्या वेलीचं एक वाळकं पान तोडलं.

एवढंच. कुणी कुणाकडे बघितलं नाही. पण कुणी कुणाकडे बघितलं नाही, हेच तिला दिसलं. त्यानंतर ती पुन्हा दार उघडून खाली बसली आणि तिला ते पॅडलचं रबर दिसलं.

“एक चक्कर मारून या ना,” बाई म्हणाल्या. “मुलगी बसेल माझ्याजवळ.”

ती शेजारच्या सीटवर बसली. सीट इतकी मागे सरकवलेली होती की तिचे पाय पुढच्या फळीला पोचेनात. उंच माणसाची जागा. केस शोधायची तिला लाज वाटली, आणि तिने शोधले, नव्हते. नवऱ्याने गाडी मागे घेतली, गल्लीच्या तोंडाशी वळवली, कुठे अडखळला नाही. रस्ता खालून, फार जवळून पळत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं… मूल झोपेत हसतं तसं. हे तिने कधी बघितलं होतं? मुलगी झाली तेव्हा? की नाहीच?

“कशी वाटतेय?” त्याने विचारलं.

“तुम्हालाच ठाऊक.”

“मला कसं ठाऊक असणार? आत्ता तर बसलोय.”

त्याने तिच्याकडे न बघता गिअर बदलला. अहो, एकदा सांगून टाका, ती मनात म्हणाली. या सीटवर बसून मला सांगितलंत तर मी काही म्हणणार नाही. पण असं म्हणणाऱ्या बाया मागून काय काय म्हणतात, हे तिला बहिणीच्या संसारावरून माहीत होतं.

परतल्यावर किमतीचं निघालं. नवऱ्याने जमण्यासारखा आकडा सांगितला, भीत भीत, बराच खाली. बाई लगेच म्हणाल्या, “चालेल.” इतकं लगेच कुणी म्हणतं का? दलाल आकडा ऐकून छाती बडवत होता, फोटोग्राफर दुपारपर्यंत विचार करतो म्हणाला. आणि जिला गणित येतं ती मात्र हिशेबच करत नाही.

“आधी मिस्त्रीला दाखवू,” ती म्हणाली.

मिस्त्रीचं गॅरेज वडिलांच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत होतं. त्याच्या तेलकट बुटांना वडीलच तळ लावत. त्याने गाडी वर चढवली, खालून हातोडीने टकटक केलं, वरून ऐकलं, आणि “बिनधास्त घ्या” म्हणाला. नवरा मुलीला पाणी प्यायला घेऊन गेला तेव्हा तिने मिस्त्रीला रबर दाखवलं.

“हे एका बाजूनेच का झिजलंय?”

“झिजणारच, ताई. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर येतो तो उजवीकडूनच की नाही? सगळ्या गाड्यांचं असंच असतं. ती जीप बघा.”

तिने जीप बघितली. कोपऱ्यातला टेम्पो बघितला. सगळीकडे उजवी कड गुळगुळीत. गाडी कधी न चालवलेल्या बाईने गाडीचा तळ बुटाच्या तळासारखा वाचला होता. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या भरात तिने पुढचंही विचारून टाकलं.

“आणि दार? ते उचलून लावावं लागतं, हे नवख्या माणसाला कसं कळेल?”

“बिजागरी बसलीय. उघडताना हाताला कळतं, दार खाली लोंबतं.”

“कुणाच्याही हाताला?”

मिस्त्री हात पुसत थांबला. “ज्याचं लक्ष आहे त्याच्या,” तो म्हणाला.

नवऱ्याचं लक्ष असे. रेघ केसाएवढी चुकली तरी त्याला दिसे. म्हणजे तेही सुटलं… सगळ्याला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर तिच्या तळहातावर क्षणभर थांबून पहिल्या गाडीवरच्या चुंबकासारखं खाली पडत होतं. नाही म्हणावं का? नाही म्हटलं तर गाडी त्या कुंपणाच्या आतच उभी राहणार, शनिवार येतच राहणार. त्या दारात असण्यापेक्षा ती आपल्या दारात असलेली बरी… हे तिने ठरवलं नाही, ते तिच्यात आधीच ठरलेलं होतं.

“घेऊ या,” नवरा मुलीला पाणी पाजून आला तेव्हा ती म्हणाली. “पण बिजागरी आत्ता, माझ्यासमोर नीट करून. आणि हे रबर बदलून.”

“रबर कशाला? अजून चाललं असतं.”

“मला नवं हवंय.”

मिस्त्रीने तासाभरात दोन्ही केलं. दार बोटाने ढकललं तरी अलगद, सरळ बसू लागलं. जुनं रबर तिने पर्समध्ये टाकलं.

गणिताच्या बाई पुढच्याच वर्षी बदली मागून दुसऱ्या शहरात गेल्या; तिथे त्यांनी पुन्हा लग्न केलं असं एकाने सांगितलं, एकटीच राहिल्या असं दुसऱ्याने. नवऱ्याचं शनिवारचं जादा काम त्याच सुमारास संपलं, कचेरीत माणसं वाढली म्हणून. माणसं खरंच वाढली होती, मी जाऊन बघितली. थोरली बहीण मरेपर्यंत फोनवर विचारायची, “सापडला का गं केस?” मिस्त्री म्हातारपणी मुलाकडे राहायला गेला. मुलगी दोन वर्षांत हिरव्या गाडीतल्या सीटमागच्या फळीएवढ्या जागेत मावेनाशी झाली. आता तिच्याकडे सात सीटची गाडी आहे आणि तीत बसायला घरात तीनच माणसं. नवऱ्याने ती हिरवी गाडी अकरा वर्षं चालवली, आणि नव्वद साली एका सकाळी दाढी करता करता तो गेला. त्या अकरा वर्षांत त्याने मला दुखावेल असं काही केलं नाही. फक्त ते दार. दुरुस्त केलेलं, बोटाने बसणारं दार तो प्रत्येक वेळी आधी जरासं उचलायचा, मग लावायचा. बिघडलेलं असताना त्याने ते लावलं ते एका दुपारी, फार तर चार वेळा. चार वेळांत हाताला सवय लागते का, हे मी अकरा वर्षं त्याच्या हाताकडे बघून ठरवत होते.

तो गेल्यावर पन्नाशीला आले असताना मी गाडी शिकले. गाडी विकली त्या दिवशी खाली वाकून बघितलं, तर माझ्या हट्टाने बसवलेलं नवं रबरही उजव्या कडेला गुळगुळीत झालं होतं. मग उभी राहिले, घेणारा माणूस पलीकडे उभा होता, मी दार लावलं.

“काकू,” तो म्हणाला, “दार खराब आहे का?”

“नाही. का?”

“उचलून लावलंत म्हणून.”

मी माझ्या हाताकडे बघितलं. ते दार बिघडलेलं असताना मी एकदाही लावलं नव्हतं.