लाजऱ्या जागा

ज्या दुपारी वहिनी गेल्याची बातमी आली, त्या दुपारी माझ्या पोटात एक पक्षी होता.

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. जाड पांढऱ्या प्लास्टिकची, काठाला पिवळी पडलेली. माझ्यात निळे पाणी असते. त्यात मोरचूद आणि आम्ल असते, म्हणून बोट घालू नका. एका बाजूला तांब्याची पट्टी टांगतात, दुसऱ्या बाजूला मेणाची वस्तू. मेणातून वीज जात नाही, म्हणून त्याला आधी पेन्सिलीच्या शिशासारखी काळी पूड चोळतात. मग वीज सोडली की पट्टीचे तांबे पाण्यातून हळूहळू वस्तूवर चढते. पुरेसे जाड झाले की मेण वितळवून ओतून टाकतात. उरते ते नुसते तांबे, आतून पोकळ, पण मेणावरची बारीक रेघही न विसरलेले. याला कोणी मुलामा म्हटले की वहिनींना राग यायचा. मुलामा दुसऱ्याच्या अंगावर बसतो, हे स्वतःच्या पायावर उभे राहते, असे त्या सांगायच्या.

आमचा कारखाना म्हणजे घरामागच्या दोन खोल्या. टाकीचे काम वहिनींचे, पॉलिशचे त्यांच्या यजमानांचे. यजमानांना धाकटा भाऊ दादा म्हणायचा आणि यांना वहिनी. त्याचे ऐकून सगळी गल्ली तेच म्हणू लागली, आणि मीही.

सुरुवातीला माझे काम ओबडधोबड होते. तांबे टोकांवर ढीग करायचे आणि खाचांत जायचेच नाही. बाहुल्या ओतण्यासाठी आम्ही केलेले तांब्याचे साचे परत यायचे, नाकावर गाठ आणि कानामागे भोक घेऊन. वहिनींनी त्या खाचांना नाव ठेवले, लाजऱ्या जागा. "तांबंही माणसांसारखंच," त्या म्हणायच्या. "पुढे पुढे करतो त्याच्या ताटात आधी वाढलं जातं."

मग त्या माझ्यापाशी स्टूल टाकून बसू लागल्या. त्यांनी वीज कमी केली, कारण घाईने चढलेले तांबे दाणेदार आणि ठिसूळ होते. पंख्याची जुनी मोटर लावून वस्तू सावकाश फिरती ठेवली. पुढे आलेल्या टोकावर नळीचा तुकडा सैलसा घातला, म्हणजे तिथे थोडे कमी पोचेल. आणि लाजऱ्या जागेजवळ, तिला चिकटू न देता, पट्टीला जोडलेली तांब्याची एक बारीक तार वाकवून नेली. तिला घरपोच वाढायचे, असे त्या म्हणत. साचे परत येणे थांबले. दूरदूरचे साचेवाले मला बघायला यायचे. मी तशीच पिवळी होते, पण बरे वाटायचे.

दादा चिडवायचे. एवढा वेळ माझ्याकडे बघितलं असतंस तर मीही चकाकलो असतो, म्हणायचे. "तुम्हाला आधी घासावं लागेल," वहिनी मान वर न करता सांगायच्या. दादांनी टाकीचे काम कधी शिकून घेतले नाही. ती आहे ना, एवढे त्यांना पुरत होते.

तो पक्षी होता खंड्या. अंध मुलांच्या शाळेतल्या बाई तो घेऊन आल्या होत्या. शाळेच्या काचेवर आपटून मेला होता. मुलांना त्याचा आवाज रोज ऐकू यायचा, पण तो असतो कसा ते कुणालाच ठाऊक नव्हते. खरा पक्षी टिकणार नव्हता. मुलांना हात फिरवता येईल असा तांब्याचा खंड्या बाईंना हवा होता. वहिनींनी त्याचा रबरी साचा घेतला, मेणाचा पक्षी केला, चोचीवर नळी घातली, दोन्ही पंखांखाली तारा नेल्या आणि तो माझ्यात सोडला. छातीत दुखत होते म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. संध्याकाळी परत यायचेच होते, म्हणून कोणाला काही सांगितले नाही.

फोन धाकट्याने घेतला. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग त्याने मेन स्विच खाली ओढला, कुलूप लावले आणि दवाखान्यात गेला. घरातले माणूस गेल्यावर कारखाना चालू ठेवायचा नसतो. त्याचे काय चुकले? पण चढते तांबे मध्येच थांबले की त्याची वरची कातडी मरते, हे फक्त वहिनींना माहीत होते.

बऱ्याच दिवसांनी दादा आले. पक्षी तसाच होता. त्यांनी स्विच वर केला. मोटर फिरू लागली, विजेच्या मीटरचा काटा हलला. ते वहिनींच्या स्टुलावर बसून राहिले. तांबे चढले, छान गुलाबी चढले. त्यांनी पक्षी बाहेर काढला, धुतला आणि पंखावरून अंगठा फिरवला. नवे तांबे कांद्याच्या पापुद्र्यासारखे उचकटून हातात आले.

धाकटा दारात उभा होता. "दादा, मीच बंद केलं होतं ना."

"तुला कोण सांगणार होतं?" दादा म्हणाले. "सांगणारीच गेली."

मग शाळेच्या बाई आल्या. त्यांनी घाई केली नाही. चोच खरंच बोटाएवढी लांब असते का, असे मुले विचारतात, एवढेच सांगितले. दादा म्हणाले, मी शिकतोय.

आता ते जुन्या चमच्यांवर करून बघतात. थोडे तांबे चढवतात, वीज बंद करतात, दुसऱ्या दिवशी घासतात, पातळ आम्लात बुडवतात आणि पुन्हा चढवतात. एखादा चमचा धरतो, एखाद्याचा पापुद्रा सुटतो. का धरला आणि का सुटला, ते अजून त्यांना कळलेले नाही. स्टूल त्यांनी स्वतःला हवे तसे सरकवलेले नाही. ते वाकून बसतात आणि त्यांची पाठ दुखते.

मित्रांनो, माझ्यासारख्या टाकीला दादांना काही सांगता येत नाही. तुमच्या घरात कुणी काही छान करत असेल, तर जवळ बसा आणि हे असे का, ते असे का, विचारा. ती माणसे वैतागतील. तरी विचारा.

खंड्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आहे. त्याच्या दोन्ही पंखांखाली अजून काळे मेण दिसते. तिथे तांबे चढायचे राहिले आहे.