अचूक वाऱ्याचं पदक

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल. साल पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी आमच्या वीज नियंत्रण कक्षात नव्या खुर्च्या आल्या आणि त्यांच्यावरून दोन मोठी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. शहराबाहेरच्या टेकडीवर पवनचक्क्या आल्या त्याही त्याच वर्षी. पण त्यांनी खुर्च्यांएवढा गोंधळ घातला नाही.

मी त्या कक्षात ऑपरेटर होते. समोर भिंतभर तबकड्या, हाताशी फोन. आमचं शहर बाहेरच्या मोठ्या जाळ्याला एकाच लाइनने जोडलेलं होतं. उद्या वारा किती असेल, चक्क्यांतून वीज किती मिळेल आणि मग बाहेरून किती घ्यावी लागेल, हे आदल्या दिवशी कळवायचं. दुसऱ्या दिवशी त्या लाइनच्या तबकडीवरचा काटा कळवलेल्या आकड्यावर राहायला हवा. हलला की वरून विचारणा.

हा अंदाज बांधायचे आमचे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. तेच कक्षाचे प्रमुख. त्यांना मागून सगळे 'वेधशाळा' म्हणत. "वारा मला विचारून वाहतो," असं ते सुरुवातीला थट्टेने म्हणायचे. पुढे पुढे त्यातली थट्टा गेली.

कारण त्यांचा अंदाज चुकतच नव्हता. चुकेल कसा? वारा जास्त आला की ते टेकडीवर फोन करून चक्क्यांची पाती वाऱ्याकडून वळवून घ्यायला सांगत. फुकटची वीज खुशाल उडून जाऊ देत. वारा कमी पडला की एखाद्या वस्तीची वीज बंद करत. काटा आपला जागच्या जागी.

मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊजी, शिंप्याने सदरा आखूड शिवायचा आणि मग गिऱ्हाइकाचे हात कापायचे, तसं चाललंय हे."

"मेव्हणीबाई, इथे मी साहेब आहे."

"बरं, साहेब. आज कोणता कापू? डावा की उजवा?"

ते हसले नाहीत. त्यांनी बोटाने बटणांच्या फळीवरचं एक बटण दाखवलं. ते त्यांच्याच गल्लीचं होतं.

ही आमच्या कक्षाची जुनी रीत. वीज तोडायची वेळ आलीच तर आधी आपल्या माणसांच्या गल्ल्या तोडायच्या, परक्यांच्या नंतर. आमच्या आधीच्या लोकांनी लाजेकाजेस्तव घालून दिलेली, वर्षातून एखाद्या वेळी पाळायची. भाऊजींनी तिचा नित्यनेम केला. वर्तमानपत्रात छापूनसुद्धा आलं, 'आधी स्वतःच्या घरी अंधार करणारे साहेब'. सोबतच्या फोटोत साहेब चांगले उजेडात बसलेले होते. नियंत्रण कक्षाला स्वतःच्या बॅटऱ्या होत्या, तिथला दिवा कधी जातच नसे. अंधार होता तो आक्काच्या वाट्याला.

आणि आक्काकडे नुसते दिवे-पंखे नव्हते. मुलं आपापल्या वाटेला लागल्यावर तिने मागच्या खोलीत अंडी उबवायचं यंत्र आणलं होतं. गुडघ्याएवढी पेटी, काचेचं दार, आत पिवळा दिवा आणि ऊब. पिल्लं निघाली की ती कोंबडीवाल्याला विकायची. जन्मात पहिल्यांदा तिची स्वतःची कमाई. पण ऊब गेली की अंड्यातला जीव गेला. दोन खेपा अशाच गेल्या. पेटीवर रजया टाक, गरम पाण्याच्या बाटल्या ठेव, सगळं करून झालं. शेवटी कोंबडीवाला म्हणाला, "ताई, ही खेपही गेली तर मी दुसरीकडे बघतो. राग मानू नका."

आक्का माझ्याकडे येऊन बसली. "छोटे, खरं सांग. वारा पडला तर घरंच तोडावी लागतात? दुसरं काहीच नसतं?"

होतं ना. शहराच्या वरच्या अंगाला धरण होतं आणि त्याच्या पायथ्याशी पाण्यावर चालणारं जनित्र. दरवाजा उघडला की कपात चहा ओतून होईपर्यंत वीज हजर. वारा असेल तेव्हा पाणी राखायचं, वारा पडला की सोडायचं. याहून सोपी जोडी नाही. पण पाणी मागायचा फोन प्रमुखाने प्रमुखालाच करायचा असा नियम होता. आणि नव्या खुर्च्या आल्या त्या आठवड्यात, एका बैठकीला धरणावरचे साहेब लवकर आले आणि उंच पाठीच्या एकुलत्या एक खुर्चीत बसले. ती भाऊजींनी स्वतःसाठी मागवली होती. झालं. तेव्हापासून अबोला.

"म्हणजे माझी अंडी खुर्चीपायी गार पडली?"

"तसंच म्हण."

"मला वाटायचं वाऱ्यापायी," आक्का म्हणाली.

तेवढ्यात पदकाची बातमी आली. अचूक वाऱ्याचं पदक. देशात सगळ्यांत बिनचूक अंदाज आमच्याच कक्षाचा, म्हणून खुद्द समिती बघायला येणार. भिंती पुसल्या, तबकड्यांच्या काचा चकचकीत केल्या, दारावर कापडी फलक लावला. भाऊजींनी त्या दिवसाचा अंदाजही जरा दणकून दिला. पाहुण्यांसमोर किरकोळ वारा कसा दाखवायचा?

आदल्या संध्याकाळी आक्काने त्यांना विचारलं, "उद्या आपली गल्ली जाणार का हो? अंडी फुटायला आलीत."

"ते वाऱ्यावर आहे."

"वारा तुम्हाला विचारून वाहतो ना?"

त्यांनी वर्तमानपत्र उलटं केलं आणि मागचं पान वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नियंत्रण कक्षाच्या फाटकाशी एक हातगाडी उभी राहिली. गाडीवर रजईत गुंडाळलेली पेटी, शेजारी आक्का.

"हे काय बाई?" पहारेकऱ्याने विचारलं.

"साहेबांचा डबा."

"एवढा मोठा?"

"साहेब काय लहान आहेत?"

त्याने फाटक उघडलं. गाडीवाल्याने आणि मी मिळून पेटी कोपऱ्यात ठेवली, आक्काने प्लग लावला, पिवळा दिवा लागला. भाऊजी आत आले आणि दारातच थबकले.

"हे इथे? आज? समिती येतेय!"

"म्हणून तर आज. आपली गल्ली जाणार, इथला दिवा जात नाही. मी कोपऱ्यात बसते. तुमच्या आकड्यांना हात लावणार नाही."

"आत्ताच्या आत्ता बाहेर ने."

"नेते की. तुम्ही एका बाजूने उचला."

बाहेर मोटारीची दारं वाजली. भाऊजींनी दारावरचा फलक ओढून काढला, पेटीवर टाकला, आणि आतला दिवा कापडातून दिसतोय असं पाहून प्लग उपटून खिशात... नाही, खिशात कसा जाईल, वायर होती. बुटाखाली दाबून धरला. इतके दिवस ते बोट दाखवत आणि बटण मी दाबत असे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्वतः तोडलं.

समितीच्या प्रमुख एक बाई होत्या, जाड चष्म्याच्या. भाऊजींनी एका पायावर उभं राहून माहिती सुरू केली. दुसरा पाय प्लगवर. आक्का पेटीला हात लावून बसली होती. काच किती गार होतेय ते तिच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होतं. भाषण संपायची चिन्हं नव्हती.

आणि फलकाखालून चिवचिव ऐकू आली.

बाईंनी चष्मा सारखा केला. "हे कोणतं उपकरण?"

"सूचक," भाऊजी म्हणाले. "इशारा देणारं."

"अंड्यांचं यंत्र आहे," आक्का उठून म्हणाली. फलक तिने बाजूला केला. "पिल्लं बाहेर येतायत आणि प्लग यांच्या बुटाखाली आहे. यांचा अंदाज कसा बरोबर येतो माहीत आहे का? वारा पडला की हे आमच्या घरची वीज तोडतात. मी घरातून बोंब मारते, ती इथपर्यंत ऐकू येत नाही."

खोलीत कोणी हललं नाही. हलला तो फक्त काटा. टेकडीवरचा वारा पडला होता.

"मग आता काय करणार?" बाईंनी उत्सुकतेने विचारलं. भाऊजींचं बोट सवयीने त्यांच्या गल्लीच्या बटणाकडे गेलं. मी ते दाबलं नाही. मी धरणाचा नंबर फिरवला आणि फोन आक्काच्या हातात दिला.

"कोण? वहिनी?" धरणवाल्यांचा आवाज खोलीभर ऐकू येण्याइतका खणखणीत होता.

"भावोजी, वारा पडलाय. यांना पाणी मागायचंय, पण मध्ये ती खुर्ची येते. बाहेर माझी हातगाडी उभीच आहे, खुर्ची लगेच पाठवते. पाणी सोडा."

पलीकडे हसू फुटलं. "खुर्ची नको हो. त्याला फक्त 'कृपया' म्हणू दे."

आक्काने फोन नवऱ्यापुढे धरला. समिती बघत होती. काटा सरकत होता. भाऊजींनी टायचा फास सैल केला, एकदा समितीकडे पाहिलं, एकदा पेटीकडे.

"पाणी सोड," ते म्हणाले. फोन गप्प. "...कृपया."

काटा आधी थांबला, मग हळूहळू मागे फिरला. एकही दिवा गेला नव्हता. आक्का वाकली, नवऱ्याच्या घोट्याला धरून तिने बूट उचलला आणि प्लग भिंतीत लावला. त्या खेपेतली काही अंडी गेलीच. पण निम्म्याहून जास्त पिल्लं त्याच कोपऱ्यात निघाली. समिती चहा पिता पिता ती बघत होती.

पदक भाऊजींनाच मिळालं. 'वारा आणि पाणी यांचा मेळ घालणारी दूरदृष्टी' असं त्यावर कोरलेलं होतं. अहवालात आक्काच्या पेटीचा उल्लेख 'ग्राहकांचा प्रत्यक्ष सहभाग' असा आला. भाषणात भाऊजींनी सगळ्यांचे आभार मानले, फाटकावरच्या पहारेकऱ्याचेसुद्धा. आक्काचं नाव राहून गेलं.

चष्म्याच्या बाई पुढे मोठ्या पदावर चढल्या आणि दरवर्षी कुणाकुणाला पदकं देत राहिल्या. धरणवाल्यांना निवृत्तीच्या वेळी आमच्या कक्षाने ती उंच पाठीची खुर्ची भेट दिली. तिच्यात बसून त्यांची पाठ धरली, असं त्यांची बायको सांगायची. भाऊजी निवृत्त झाल्यावर गावोगावी वाऱ्यावर व्याख्यानं देत हिंडले. गेले तेव्हा कुठलंसं बक्षीस घ्यायला निघालेच होते. हातगाडीवाल्याने पुढे टेम्पो घेतला, आणि आक्काची पिल्लं तोच पोचवायचा. कोंबडीवाला शेवटपर्यंत तिचंच गिऱ्हाईक राहिला.

आता त्या कक्षात तबकड्या नाहीत, पडदे आहेत. माझी नात तिथे काम करते. अंदाज दिवसभर चुकतो आणि दिवसभर दुरुस्त होतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही, असं ती सांगते.

आक्का चार यंत्रांपर्यंत पोचली. प्रत्येकाला वेगळी बॅटरी, तिच्याच पैशांची. परवा, तिच्या तेराव्यानंतर, तिचं सामान आवरायला गेले होते. पहिली पेटी अजून मागच्या खोलीत आहे. तिच्या काचेच्या दाराची कडी कधीच तुटली होती, आणि दार उघडू नये म्हणून आक्काने खाली ते पदक टेकवून ठेवलं होतं.