दोन रिंगांचा निरोप

मी एक जुना याम आहे, मित्रांनो. उकडून माशाच्या रश्श्याबरोबर खातात तो कंद नव्हे. इथे घानातल्या ताकोरादीत माझ्यासारख्या जाडजूड, बटणांच्या फोनला लोक थट्टेने याम म्हणतात. ती थट्टा मी केव्हाच पचवली. दुसरी एक गोष्ट मात्र अजून पचलेली नाही. ती सांगताना थोडा जळका वास आला, तर तो बॅटरीचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. एका बाईने माझी सगळी बटणं दाबून पाहिली आणि मला डब्यात घातलं. तो डबा उघडला बेन्यिवाने. बेन्यिवा परदेशातल्या एका मोठ्या घरी घरकामाला निघाली होती. तिची आई, अराबामावशी, बाजाराच्या तोंडाशी केंके विकते. केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे केळीच्या पानात शिजवलेले गोळे. निघताना बेन्यिवाने मला आईच्या हातात ठेवलं.

"आई, दर रविवारी मी तुला फ्लॅश करीन. दोन रिंगा वाजल्या तर मी मजेत आहे. तीन वाजल्या तर काहीतरी बिनसलंय. उचलायचा मात्र नाही हं! उचललास की माझे पैसे गेलेच."

"मला शिकवतेस? लोकांचे फ्लॅश उचलणारा तुझा मामा. मी नव्हे!"

आमच्याकडे फ्लॅश करणं म्हणजे फोन वाजवून उचलायच्या आत बंद करणं. फुकटात निरोप पोचतो. तेव्हापासून अराबामावशीने मला कमरेच्या कापडी पिशवीत बांधलं. मला पिठाचा आणि तळलेल्या माशांचा वास लागला, बटणांवरचे आकडे झिजले. पण दर रविवारी प्रार्थनेहून परतल्यावर ती मला मांडीवर घेऊन बसे आणि मी दोनदा वाजे. "ठीक आहे माझी पोर," असं म्हणून ती मला पदराने पुसत असे. शेजारणी विचारत, "याम बोलला का गं?" दोन वर्षांत मी तिसरी रिंग कधी वाजवली नाही. या घरातलं सुख आपणच आणतो, असं मला वाटायचं आणि त्या विचाराने माझी छाती फुगायची.

मग तो आला. गावी परतणाऱ्या एका बाईबरोबर बेन्यिवाने तो पाठवला होता. तिच्या मालकिणीने टाकून दिलेला, पण अंगभर काच, पातळ, गुळगुळीत. मी त्याला मनातल्या मनात नवरदेव म्हणू लागलो, कारण अराबामावशीने त्याला चर्चला न्यायच्या रुमालात गुंडाळलं. मला कधी रुमाल मिळाला होता? शेजारणी त्याच्या काचेत तोंड पाहून केस सारखे करू लागल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याहून वाईट पुढेच होतं. माझ्या पोटातलं सिमकार्ड काढलं गेलं. नवरदेवाचं तोंड लहान, म्हणून त्या कार्डाभोवतीची चौकट मोडून चुलीत टाकली. आता ते कार्ड पुन्हा माझ्यात बसणारच नव्हतं. मला पिठाच्या डब्यामागे ठेवलं. आणि हा दिमाखदार गडी कपाळावर दोनच शब्द मिरवत राहिला, "सेवा नाही."

रविवार आला. अराबामावशी त्याला मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसली. तो वाजला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिने जेवण सोडलं. उलट फोन करून विचारायचीही सोय नव्हती, कारण बेन्यिवाचा फोन आठवडाभर मालकिणीच्या कपाटात असे, फक्त रविवारी तिच्या हाती येई. शेवटी अराबामावशीने आम्हा दोघांनाही एकाच पिशवीत कोंबलं आणि एबोच्या टपरीवर नेलं. एबो लॉरीतळाजवळ फोन दुरुस्त करतो. टकला, बडबड्या माणूस.

"एबो, हा मुका झालाय. का माझ्या पोरीलाच काही झालंय? काय ते एकदा सांग रे बाबा."

"घाबरू नकोस मावशी. आधी चोर कोण ते बघू. कार्ड, टॉवर, की हा साहेब?" त्याने खोक्यातून प्लास्टिकची चौकट शोधली, कार्ड तिच्यात बसवलं आणि ते माझ्या पोटात सरकवलं. मी जीव एकवटला. एका दमात सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरल्या!

"बघितलंस? कार्ड ठणठणीत, टॉवर ठणठणीत. चोर हा काचेवाला."

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गोड क्षण होता. तेवढ्यात माझ्यावर कंपनीचा संदेश आला, की फोन बंद असताना या नंबरवरून फोन येऊन गेला. नंबर बेन्यिवाचा होता.

"किती रिंगा दिल्या तिने?" अराबामावशीने विचारलं.

"ते यात लिहीत नाहीत मावशी."

तिचा चेहरा उतरला. दोन की तीन, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. मी त्या वेळी डब्यामागे पडलो होतो. नाहीतर मी सांगितलं असतं.

एबोने नवरदेवाला उलटंपालटं करून पाहिलं. "याचा मेंदू तिकडचा आहे. तिकडच्या टॉवरशीच बोलायचं, असं त्याला पढवलंय. आत बसवलेलं ते फर्मवेअर, म्हणजे फोन चालवणारा प्रोग्रॅम, पुसून इथल्या पोरांनी बदल करून बनवलेलं दुसरं घालतो. म्हणजे फ्लॅश करावा लागेल."

"मग कर की! बसलास काय? कर तिला फ्लॅश!"

"तो फ्लॅश नव्हे गं मावशी!" एबो पोट धरून हसला. "हा फ्लॅश म्हणजे याचा नवा जन्म. मध्येच वायर हलली तर मात्र याची वीट होईल, पुन्हा कधी सुरूच होणार नाही. चालेल?"

"माझी पोर ऐकू आली पाहिजे. कर."

वायर जोडली गेली. लॅपटॉपवर एक हिरवी रेघ मुंगीच्या पावलाने सरकू लागली. मी शेजारीच पडून तिच्याकडे बघत होतो आणि एकच धावा करत होतो. वीट होऊ दे, देवा, याची वीट होऊ दे. दुमसोर येऊ दे. दुमसोर म्हणजे आमच्याकडचं वीज जाणं. आणि खरंच, पंखा थांबला, बाजारभर अंधारल्यासारखं झालं, सगळीकडून ओरडा उठला. पण लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. रेघ काही थांबली नाही. काच उजळली, कार्ड परत त्याच्याकडे गेलं आणि त्याच्याही दांड्या भरल्या. एबोने मजुरी घेतली नाही. "रविवारी केंके खायला येतो," म्हणाला.

रविवारी तो आला तेव्हा मी फळीवर होतो. नवरदेव वाजला. अराबामावशी सवयीने हात जोडून मोजू लागली. एक. दोन. फोन थांबला. "ठीक आहे माझी पोर!" तिने डोळे पुसले.

"अगं मावशी, हा चेहरा दिसणारा, इंटरनेटवरचा फोन आहे, उचलला तरी तिचे पैसे नाही जात! आता वाजला की उचल!"

बेन्यिवालाही आईला बघायचं असावं, तो पुन्हा वाजला. एबोने अराबामावशीचं बोट धरून काचेवर सरकवलं, आणि आमच्या घरात बेन्यिवा दिसली.

अराबामावशी हसली आणि मग हसायची थांबली. "एवढी बारीक का झालीस?"

"नाही गं, कॅमेऱ्यात असंच दिसतं."

"हात वर कर. तो नाही, दुसरा."

हाताला फडकं बांधलं होतं. "इस्त्री लागली, आई."

"कोणी लावली?"

बेन्यिवाने हात खाली घेतला. मग म्हणाली, "पहिल्या महिन्यापासून मालकिणीचं असंच आहे. तू रात्री झोपावीस म्हणून दोनच रिंगा द्यायचे. तीन दिल्या असत्या, तर तू भांडी विकून तिकीट काढलं असतंस."

"मग? काढणार नव्हते का मी?"

अराबामावशीने भांडी विकली. कमी पडलं ते चर्चने आणि बाजारातल्या बायकांनी घातलं. बेन्यिवा आता घरी आहे, मक्याचं पीठ मळते, आईवर ओरडते. नवरदेव रुमालातच आहे. मी फळीवर असतो, धूळ खात.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना अधूनमधून पुसा, चार्ज करा. तुमचं माणूस दूर असेल आणि "ठीक आहे" म्हणत असेल, तर तेवढ्यावर झोपू नका. त्याचा चेहरा बघा, हात वर करायला सांगा. मला त्या काचेवाल्याचा हेवा वाटतो, अजूनही वाटतो, पण रुमालासाठी नाही. दोन वर्षं मी त्या पोरीच्या नुसत्या रिंगा वाजवल्या आणि त्याने तिला एकदाच दाखवलं. मला तळहाताएवढी काच मिळाली असती, तर ती पहिल्याच महिन्यात घरी आली असती.